गोधडी पुन्हा हातात घेताना

प्रिय नंदे,

तुझ्या गोधडीचे फोटो मिळाले. ती जमली नाही म्हणून आणखी काय लावू, असं विचारलंस. आता आरसे, मणी, कवड्या यातलं काहीही लावू नकोस, तिचं दुखणं त्यानं जाणार नाही. तोच फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघ. जांभळा खण, तांबडं लुगडं आणि हिरवा काठ, तिन्ही एकाच करड्या रंगाचे दिसतील. रंग उदंड, पण फिकं-गडद नाही, म्हणून नजर ठरत नाही. जुन्या धोतराचे मळकट पांढरे तुकडे घाल, पण एकाच बाजूला दाटीनं. सगळीकडे शिंपडलेस तर पुन्हा तेच होईल.

दुसरं, मध्ये आलेला फुगा. तू सगळे तुकडे आधीच कच्च्या टाक्यानं अस्तरावर पक्के केलेस आणि मग कडेकडून आत शिवत आलीस. धावदोऱ्यानं कापड थोडं थोडं आवळत जातं, आणि उरलेला ढिलेपणा मध्यावर साचतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, शिवताना कोपऱ्यापासून कडेनं फिरत आत येतात, पण तुकडा मांडायचा, कडा दुमडायची, शिवायचं, मग पुढचा. त्यामुळे ढिलेपणा पुढच्या तुकड्याखाली जिरतो.

टेपनं मोज. मधली रुंदी कडेपेक्षा सेंटीमीटरभरच जास्त असेल तर उसवू नकोस. आधी ओलं पांढरं फडकं दहा मिनिटं दाबून रंग जातो का बघ. नाही गेला तर पाण्याचा हलका फवारा मार, थर्माकोलवर ताणून दर 3 सेंमीवर न गंजणारी टाचणी लाव आणि सावलीत पूर्ण वाळू दे. भिजवू मात्र नकोस. सुती अस्तर आटतं, खणाचं रेशीम तेवढं आटत नाही, मग चुण्या पडतात.

फरक जास्त असेल तर मधला भाग उसव. मागून दर चौथा टाका काप आणि दोरा पुढून ओढ. सुती कापडावरची भोकं ओल्या बोटानं, नखानं घासली की मिटतात. खणावरची राहतात, तिथे नवा तुकडा येणारच असं धरून चाल. खण फार सुटतो, दुमड 1 सेंमी ठेव. शिवताना इंचाला चार-पाच टाके, ओळींत बोटभर अंतर, आणि दर वीतभर शिवल्यावर कापड हातानं सपाट करून दोरा सैल सोड.

खरं सांगू का, डावा खालचा कोपरा तसाच सुरेख आहे. पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापून त्यांची चौकट त्यावर सरकवून बघ. साधारण 40 बाय 30 सेंमीचं चित्र तिथे मिळेल. तेवढाच भाग कापून वेगळा करायचं ठरवलंस तर आधी रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंमी सोडून बारीक उलटी टीप घाल. नाहीतर कात्री लागताच धावदोरा आतपर्यंत सुटत जाईल.

कापण्याआधी मागच्या बाजूचा फोटो पाठव. गाठी कुठे आहेत ते मला बघायचंय.

तुझी,
वासंती