रविवारी पणजीत जमायचंय
नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात भेटू, तिथली १९३५ सालची अझुलेजो (पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या) टाइल्सची भिंत नीट बघू आणि मग चालत फोंताईन्हासला (पणजीतली जुनी पोर्तुगीज वस्ती) आपल्याच ग्रूपमधल्या पोरीच्या घरी, तिचं काम बघायला. करवंटीचे दिवे, पोस्टर्स, चित्रं सगळं तिनेच केलेलं, आणि नक्षी कावीवरून घेतलेली, म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो कोरायचा, आपल्या जुन्या देवळांवर असायची ना तीच, आता फार थोडी उरलीय म्हणून मला हे काम खूप मोलाचं वाटतं.

- घर लहान आहे, १५ जणच. नाव शुक्रवारपर्यंत टाका.
- फोटो तिला विचारूनच काढा, डिझाइन कुणी परस्पर छापू नका प्लीज
- काही विकत घेतलं तर सांगेल ती किंमत द्या, घासाघीस नको, एकेक दिवा घासायलाच तिचे दोन-दोन दिवस जातात.

पाऊस असला तरी जायचंच, छत्री आणा.