मातीला मालक नसतो

पलूस,
25 जानेवारी 2026

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

संक्रांतीला तू फोनवर विचारलंस, "आप्पा, डिग्री झाल्यावर मी हेच पूर्णवेळ करू का?" आणि मी "बघू" म्हणून फोन तुझ्या आईच्या हातात दिला. माझं चुकलं. मुलीनं एवढा मोठा प्रश्न विचारावा आणि बापानं फोन पुढं सरकवावा, हे बरं नव्हे. त्या क्षणी माझ्याजवळ उत्तरच नव्हतं. व्हिडिओ गेमच्या सामन्यांचं समालोचन करायचे पैसे कोण देतं, का देतं, उद्याही देईल का, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. गेले दहा दिवस बागेतून आलो की जेवून मोबाईल घेऊन बसतोय. ओंकारला शेजारी बसवून एकेक गोष्ट विचारून घेतली, वाचली. आता सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या कामाविषयी. परवा तुझा अख्खा सामना ऐकला. 16 संघ, 64 खेळाडू. सुरुवातीची पंधरा मिनिटं मला काही उमजेना. कुस्तीत दोघंच असतात, नजर हलवायची नसते. इथं कोण कुठल्या घरात लपलाय, कोण गाडीतून येतोय, कशाचा मेळ लागेना. मग झोन, म्हणजे खेळायचं रान, आवळत आला, तीनच संघ उरले, आणि तू म्हणालीस, "आता पळायला रान उरलं नाही, उभ्या पिकातनं उठायचं आणि लढायचं!" पोरी, अंगावर काटा आला माझ्या. हे वाक्य तुला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. लहानपणी माझ्या मांडीवर बसून कुंडलच्या मैदानात जे ऐकलंस, ते आहे.

पण कुस्तीच्या मैदानात पंचवीस वर्षं माईक धरलेला माणूस म्हणून दोन चुका सांगतो. डाव लागायच्या आधी ओरडायचं नसतं. गोळी लागायच्या आधीच तू वरच्या पट्टीत गेलीस. मग तो खरोखर पडला तेव्हा तुझ्या आवाजाला वर जायला जागाच राहिली नाही. हलगीवाला बघ, काटा कुस्तीत तो आधी ठेका खाली आणतो, मैदान गप्प होतं, आणि पाठ मातीला टेकली की कडाडतो. थोडं गप्प राहायला शीक, त्या गप्प राहण्यालाही निवेदनच म्हणतात. दुसरं, जो हरला त्याचं आणि त्याच्या तालमीचं नाव शेवटी एकदा घ्यायचं. तू फक्त जिंकलेल्या चौघांची नावं घेतलीस. हरलेल्यांतला एखादा कुठल्या तरी तालुक्याच्या गावचा असेल, त्याची आई ऐकत बसली असेल. आणि हो, फ्रीजचं पाणी बंद कर. ज्येष्ठमधाची काडी जवळ ठेव.

आता धंद्याविषयी. मला वाटायचं हे चार वर्षांचं फॅड आहे. वाचल्यावर कळलं की कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 1972 साली पोरांनी संगणकावरच्या गेमची स्पर्धा भरवली होती. म्हणजे हा खेळ माझ्या वयाचाच म्हणायचा! पण ती गंमत होती. त्याचा धंदा कोरियात झाला. 1997 च्या आर्थिक संकटात तिथं लोकांच्या नोकऱ्या गेल्या, सरकारनं वेगवान इंटरनेट घरोघर नेलं, गल्लोगल्ली तासाच्या भाड्यानं गेम खेळायची दुकानं निघाली. 1998 ला 'स्टारक्राफ्ट' नावाचा गेम आला, 2000 साली या खेळाची संघटना झाली, फक्त गेमचे सामने दाखवणारी टीव्ही वाहिनी निघाली. 2004 ला बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर एका अंतिम सामन्याला लाखभर माणूस जमला होता म्हणतात. त्या गर्दीला कोण बोलवून आणत होतं, सांग बरं? टीव्हीवरचे निवेदक. नुसत्या पडद्यावर बघून कुणाला कळणार होतं? पहिलवान कितीही मोठा असो, मैदान बांधून ठेवतो तो आवाज. तुझ्या कामाची किंमत मला तिथं कळली.

आणि तिथंच मनात काळजीही शिरली.

कोरियात सगळं रंगात आलं असताना भांडण लागलं. गेम बनवणारी अमेरिकी कंपनी ब्लिझार्ड म्हणाली, हा गेम आमचा, टीव्हीवर दाखवायचा तर आमची परवानगी लागेल. संघटना म्हणाली, हा आता खेळ झालाय, खेळाला कसली परवानगी? 2010 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि 2011 ला तडजोड झाली. हे वाचून मी त्या रात्री झोपलो नाही. आपल्या आखाड्याचा विचार कर. लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतो, मळतो, आणि पोरं उतरतात. 'ढाक' हा डाव मारायला कुणाची परवानगी लागते? प्रो कबड्डी 2014 ला आली. समज, उद्या ती बंद पडली, तरी आपल्या चौकातली पोरं संध्याकाळी पट्टे आखून खेळतीलच. कबड्डीला मालक नाही, मातीला मालक नाही. तू ज्यावर बोलतेस त्या प्रत्येक गेमला मात्र मालक आहे. त्यानं सर्व्हर बंद केला की मैदानच गेलं, आणि तिथं मोडलेल्या मैदानाची मातीसुद्धा हाताला लागत नाही.

बक्षिसाचंच बघ. आपल्याकडे जत्रेचं मैदान वर्गणीवर उभं राहतं. 'डोटा 2' नावाच्या गेमच्या मोठ्या स्पर्धेचं तसंच होतं. खेळणारे लोक गेममधल्या वस्तू विकत घ्यायचे आणि त्यातला चौथा हिस्सा बक्षिसात जायचा. 2021 ला असं करून बक्षीस 4 कोटी डॉलरवर गेलं. मग मालक कंपनीनं वर्गणीची पद्धत बदलली आणि 2023 ला तेच बक्षीस 32 लाख डॉलरच्या आसपास आलं. खेळाडू तेवढेच चांगले होते, बघणारेही होते. वर्गणीची पेटी गावाच्या हातात नव्हती एवढंच. ब्लिझार्डनंच 2018 ला 'ओव्हरवॉच' गेमची शहरावार लीग काढली. सुरुवातीच्या संघांना लीगमध्ये यायची फी 2 कोटी डॉलर होती असं छापून आलं होतं. 2023 ला ती लीग संपली. त्या काळात जगभर संघांनी माणसं कमी केली, पगार उतरले. द्राक्षाचा दर एका वर्षी चढला की सगळे बाग लावतात, आणि तीन वर्षांनी माल एकदम बाजारात येतो, तसंच काहीसं झालं. अपेक्षेच्या जोरावर पैसा ओतला आणि कमाई तेवढी निघालीच नाही.

आपल्या देशातलं तर तू जवळून बघितलंयस. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी बंद झाला, तेव्हा ओंकार दोन दिवस जेवला नव्हता. जुलै 2021 ला तोच गेम बीजीएमआय नावानं आला. 2022 च्या जून-जुलैमध्ये त्याची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर, क्रिकेट दाखवणाऱ्या वाहिनीवर लागली. आणि त्याच 28 जुलैला गेम पुन्हा गायब! परत यायला मे 2023 उजाडला. त्या दहा महिन्यांत निवेदकांनी काय खाल्लं असेल, हा प्रश्न मला सारखा पडतो. कोरोनात दोन हंगाम एकही मैदान झालं नाही तेव्हा माझी बाग होती म्हणून आपण तरलो. तू तेव्हा दहावीच्या आसपास होतीस, तुला आम्ही कळू दिलं नाही.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तुला वाटेल आप्पांनी फक्त भीती गोळा केली. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे हेच गेमचे सामने, प्रदर्शनीय होते, तिथं आपल्या तीर्थ मेहतानं कांस्य मिळवलं. 2023 ला हांगझोऊत पदकांसाठी सामने झाले आणि या सप्टेंबरात जपानमध्येही आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सरकारनं याला क्रीडा खात्याखाली घेतलं. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून वेगळं काढलं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या गल्लीतल्या एका पोरानं ऑनलाइन रमीत बापाचं ट्रॅक्टरचं कर्ज तिप्पट केलं, तो बाप अजून मान वर करून चालत नाही. गावात लोक तुझं काम आणि ते एकाच मापानं मोजतात. मी आता पारावर बसून फरक समजावून सांगतो. सांगत राहीन. फक्त एक कर, जुगाराच्या ॲपची जाहिरात तुझ्या तोंडून कधी येऊ देऊ नकोस, कितीही पैसे देऊ करोत.

ऑलिम्पिकवर मात्र भिस्त ठेवू नकोस. 2024 ला ऑलिम्पिक समितीनं ई-स्पोर्ट्सच्या वेगळ्या ऑलिम्पिकसाठी सौदीबरोबर बारा वर्षांचा करार केला होता, 2025 च्या ऑक्टोबरात तो मोडला. मान्यता आणि भाकरी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं आपण मैदानात नेहमी नाव घेतो. 1952 ला हेलसिंकीला जायचे पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं, तेव्हा ते गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक घेऊन आले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यानंतर. तुझ्यासाठी घर गहाण टाकायची वेळ आली तर मी मागं सरणार नाही, पण ती वेळ येऊ नये अशी वाट आधी शोधू.

माझं मत असं झालंय. हा धंदा राहणार, पण यातला कुठलाही एक गेम राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. खेळाडू गेमला बांधलेला असतो, त्याची बोटं त्या एकाच गेमला सरावलेली असतात. त्यात वय आडवं येतं. कोरियाचा गेम खेळाडू फेकर 2013 ला जगज्जेता झाला आणि 2024 लाही झाला, पण तो फेकर आहे. बाकीची बहुतेक पोरं पंचविशीच्या आतबाहेर थांबतात. निवेदकाला ते बंधन नाही. मी चोपन्नाव्या वर्षीही नऊ तास बोलतो. तेव्हा एका गेमची निवेदक होऊ नकोस. दुसरा गेम शीक, कबड्डी बोल, बुद्धिबळ बोल. गेल्या वर्षी रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळही होतं आणि आपला अर्जुन एरिगैसी चौथा आला. आणि मराठी सोडू नकोस. हिंदीत बोलणारे पुष्कळ आहेत. जत-आटपाडीच्या पोराला त्याच्या बोलीत झोन समजावणारी माणसं थोडी आहेत.

त्या मुंबईच्या लोकांनी सहा महिन्यांचा करार पाठवलाय म्हणालीस. सही करू नकोस, आधी इकडे पाठव. वीस वर्षांपूर्वी एका गावच्या कमिटीनं मला सकाळी दहापासून दिवस मावळेपर्यंत बोलवलं आणि नारळ-फेटा देऊन वाटेला लावलं. बिदागीसाठी तीन हेलपाटे मारले, मिळाली नाही. कागद नव्हता. पैसे किती, कुठल्या तारखेला, स्पर्धा रद्द झाली तर किती, हे लिहून हवं. आणि तुझा आवाज संगणकात भरून तुझ्यावाचून बोलता करायचा हक्क त्यांना नाही, हेही कलमात पाहिजे. ओंकारनं मला तसला एक आवाज ऐकवला, जित्या माणसासारखा. देसाई वकिलांशी बोललोय, ते पैसे घेणार नाहीत, द्राक्षाची पेटी घेतील.

मेमध्ये शेवटचं वर्ष नीट पार पाड. त्यानंतर दोन वर्षं तुझी. खोलीचं भाडं मी देतो, जेवणाचं तू बघ. आईचं मन अजून वळलेलं नाही, पण परवा तिनं तुझा सामना शेवटची दहा मिनिटं उभ्यानं ऐकला आणि 'घसा बसलाय पोरीचा' म्हणून आत गेली. भडंग आणि आवळकाठी तिनंच बांधून दिलीय, ओंकार रविवारी घेऊन येईल.

बाग बरी आहे. ऑक्टोबरच्या पावसानं निम्मे घड गेले, राहिलेल्याला गोडी चांगली उतरतेय. फेब्रुवारीच्या शेवटी तोड सुरू करू.

चैत्रात आपल्या जत्रेचं मैदान आहे. पहिल्या पंचवीस-तीस कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या. त्या तू बोलायच्यास. कमिटीला विचारलं, दोघं गप्प बसले, बाकीच्यांनी होकार दिला. यंदा मुलींच्याही चार जोडी लागल्यात. फेटा मी बांधीन, माईक तुझ्या हातात देईन आणि खाली मातीच्या कडेला बसून ऐकीन.

तुझा,
आप्पा