घरोघरच्या प्रचारात सोबत आलेल्या मावशींना

प्रिय मावशी,

निकालानंतरच्या भाषणात मी सगळ्या कार्यकर्त्यांचे आभार मानले. तुमचे आभार तसे एका वाक्यात मानून भागणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

फलक लावायला आणि मोबाइलवर संदेश पाठवायला मंडळी पुष्कळ होती. उन्हातान्हात माझ्याबरोबर जिने चढायला तुम्ही होतात. मतदार यादीतला क्रम आणि गल्लीतल्या घरांचा क्रम काही जुळत नाही. तुम्ही रात्री बसून सगळी नावं गल्लीप्रमाणे, मजल्याप्रमाणे वहीत उतरवलीत. कोण घर सोडून गेलं, कोण वारलं, लग्न होऊन कोण नवीन आलं, सगळं पेन्सिलीनं, कारण दर फेरीत काहीतरी खोडावं लागायचंच.

दारात कसं उभं राहायचं, तेही तुम्हीच शिकवलंत. बेल एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे दार उघडणाऱ्याला कुणी अंगावर आल्यासारखं वाटत नाही. पत्रक लगेच पुढे करायचं नाही. आधी नाव सांगायचं, मग गप्प राहायचं. उमेदवाराला बोलायची घाई असते, त्यामुळे हे गप्प राहणं मला फार जड गेलं. तुम्ही हळूच माझ्या कोपराला हात लावायचात आणि मी थांबायचे. मग समोरचा माणूस बोलू लागायचा: पाणी किती वाजता येतं, गटार कुठे तुंबलंय, कोपऱ्यावरचा दिवा कधीपासून बंद आहे.

आणि ते आजोबा! त्यांनी दारातच सांगून टाकलं, "माझं मत दुसऱ्याला आहे." मी नमस्कार करून वळले. तुम्ही मात्र तिथेच थांबलात. यादीत त्यांचं नाव शोधलंत, यंदा मतदान केंद्र बदललंय हे समजावलंत आणि खोली क्रमांक चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलात. जिना उतरताना मी काही विचारायच्या आत म्हणालात, "मत त्यांचं आहे. ते पेटीपर्यंत पोचायला हवं." साऱ्या प्रचारात यापेक्षा मोलाचं काही माझ्या पाहण्यात आलं नाही.

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात १९९८ च्या निवडणुकीत अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या अभ्यासकांनी सुमारे ३०,००० मतदारांवर एक प्रयोग केला होता. काहींच्या दारी माणूस पाठवला, काहींना टपालानं पत्रकं, काहींना फोन. दारी जाऊन बोलल्यानं मतदान स्पष्ट वाढलं, पत्रकांनी थोडंसं, फोननं जवळजवळ नाहीच. तिथे कुणा उमेदवाराचा प्रचार नव्हता, फक्त "मतदानाला या" एवढंच सांगणं होतं. त्या आजोबांशी तुम्ही बोललात ते असंच.

विरोधी पत्रकात माझ्याबद्दल वाटेल ते छापून आलं, तेव्हा उत्तर द्यायला मी उतावीळ झाले होते. तुम्ही पुढच्या गल्लीची यादी माझ्या हातात ठेवलीत. आपण निघालो.

ती वही आता माझ्या टेबलावर आहे. कोपऱ्यावरचा दिवा लागला. गटाराचं काम मंजुरीला अडलंय, पाण्याच्या वेळेबद्दल अर्ज दिलाय. रविवारी सकाळी त्या त्या घरी जाऊन हे सांगायचं आहे, गटाराचं अडलंय हेसुद्धा. येताना पेन्सिल आणा.

तुमची,
या वेळची उमेदवार