पोरीच्या विमानाबद्दल

लष्कर, ग्वाल्हेर
२ जून

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र पोचलं. पोरगी अमेरिकेत सेस्ना १७२ हे छोटं विमान एकटीने उडवून आली म्हणजे तुझी कॉलर ताठ आणि वहिनींची झोप उडालेली. "ढगाला एवढं काय घाबरायचं?" असं विचारतोस. अरे, उभी हयात हवामान खात्यात गेली माझी, उत्तर लांबणारच.

कालच इथे आंधी आली. पान हलत नव्हतं, आणि एकदम धूळ. गच्चीवरच्या कुरडया शेजाऱ्यांच्या अंगणात. पाऊस मागाहून, तोही चार थेंब. लांबच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तिचा हा प्रताप. उतरणारं विमान यात सापडलं की आधी समोरून वारा लागतो, क्षणात तोच पाठीमागून येतो आणि पंखांखालचा आधार जातो.

ढगाच्या पोटात तर एक झोत वर, शेजारचा खाली. तिच्या विमानाचा सांगाडा वजनाच्या ३.८ पट भार धरून बांधलेला. जोरात जाताना झोत बसला तर सांगाडा मोडू शकतो, म्हणून वेग आधीच उतरवायचा; विमान हलकं असेल तर आणखी कमी. सापडलीच, तर पंख समतल ठेवायचे, उंचीसाठी झगडायचं नाही. माघारी वळायचंही नाही, वळणात भार वाढतो.

हात बसलेल्यांचंही तिथे चालत नाही. ध्वनीच्या दुप्पट वेग १९५३ मध्ये पहिल्यांदा गाठला तो स्कॉट क्रॉसफील्डने. २००६ मध्ये तोच जॉर्जियात सेस्ना २१० घेऊन वादळी ढगात शिरला. विमानाचे तुकडे झाले. आणि आपले माधवराव शिंदे महाराज! एकेकाळचे नागरी विमान वाहतूक मंत्री. ३० सप्टेंबर २००१ ला कानपूरच्या सभेला निघाले, मैनपुरीजवळ खराब हवेत विमान पडलं, आठहीजण गेले. आई त्या रात्री जेवली नव्हती.

मला खरी धास्ती टॅबलेटची. त्यावर रडारचं चित्र बघून दोन ढगांच्या फटीतून निघायचा मोह होतो. ते चित्र कधीकधी पंधरा-वीस मिनिटं शिळं असतं, तोवर फट बुजलेली. मोठ्या वादळाला निदान २० सागरी मैलांचा वळसा हवा. वळसा नकोसा होतो तो घरी पोचायच्या घाईने. तेव्हा तूच तिला फोन कर: वाटेत कुठेही उतर, रात्र काढ, मोटेलचं बिल बापाला पाठव. तेवढं परवडतं तुला, चिकट्या.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा