शुक्रवार मोडणार नाही

ती. आई-बाबांस सा. न.

समोर बसून सांगायचं म्हणून तीनदा आले आणि नुसता चहा पिऊन परतले. म्हणून लिहिते. मॉडेल कॉलनीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या जागेचं टोकन मी शनिवारी देऊन टाकलं. नवरात्राच्या आधी तुमचं सामान तिथे हलवायचं. आई, रागव हवं तर, पण पत्र पुरतं वाच.

बुधवार पेठ सोडणं म्हणजे जोगेश्वरीच्या देवळापासून लांब जाणं, हेच तुझ्या मनात येणार. मला ठाऊक आहे गं. माझ्या लग्नाची अक्षतसुद्धा कसब्याच्या गणपतीनंतर आधी तिलाच दिलीस. लहानपणी शुक्रवारी ओटी भरून परतताना तू देवीपुढचं कुंकू एका बोटावर जपत आणायचीस. पाऊस आला तरी त्या हाताने छत्री धरायची नाहीस. घरात आलं की आधी माझ्या कपाळाला. ते बोट मला अजून दिसतं.

पण श्रावणात तू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मटकन बसलीस, हे मला दहा दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळलं. त्या रात्री झोप लागली नाही. तुम्हाला तिथून उपटायचं नाहीये मला. फक्त तो जिना नको.

इथे लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडे लावून घेतलेत, देवघर पूर्वेच्या भिंतीला बसतं. बाबा, गॅलरीत तुमची आरामखुर्ची मावते, मोजून आले. भाडं मी देणार, त्यावर बोलायचं नाही.

आणि चतुःशृंगीची टेकडी जवळ आहे. दुर्लभशेठ महाजनांची गोष्ट तूच सांगायचीस ना? दर चैत्री पौर्णिमेला वणीला जायचे, म्हातारपणी पाय चालेनात, तेव्हा सप्तशृंगी स्वप्नात आली, म्हणाली, तू नको येऊस, मीच येते, आणि इथे चतुःशृंगीला आली. बाबा मध्येच दुर्लभशेठनी पाडलेल्या १७८६ च्या चतुःशृंगी रुपयाचा विषय काढायचे आणि मी झोपून जायचे. देवीने भक्ताच्या पायांकडे पाहिलं, आई. मी तुझ्या पाहू नको?

मात्र तिथेही शंभरावर पायऱ्या आहेत. चढायच्या नाहीत. तू पायथ्याशी हात जोड, ओटी मी वर नेईन. जोगेश्वरीला दर शुक्रवारी रिक्षाने मीच घेऊन जाईन, तुझा शुक्रवार मोडणार नाही. नऊ दिवसांचे उपवास यंदा बंद, साखर बघ किती आहे. उठता-बसता कर, तोही दूध-फळं घेऊन. बाबा, माळ्यावरची पितळी भांडी काढायला स्टुलावर चढलात तर मला खरंच राग येईल. रविवारी आम्ही दोघं येतोय, तोवर कशाला हात लावू नका.

घटाची माती कुठली घ्यायची ते मात्र तू ठरव, आई. जुन्या गच्चीतल्या कुंड्यांतली हवी असेल तर रविवारी येताना पिशवी आणते.

तुमची,
मनी