होडीला रंग शेवटी, आधी तळ तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी मृतसाठ्यात गेले की काठावरच्या होड्यांची डागडुजी सुरू होते. त्याच दिवसांत गोठ्यात, शेडमागे किंवा मच्छिमार सोसायटीच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ॲल्युमिनियमच्या जुन्या होड्याही बाहेर निघतात. नवी होडी परवडत नाही आणि जुनी दिसायला धड असते. मग एक दिवस धुणे, सांध्यांना एम-सील, वरून निळा ऑइलपेंट, आणि मृगाचा पाऊस पडला की होडी पाण्यात. ही पद्धत धोक्याची आहे. ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल गंजत नाही, त्यामुळे खराबी डोळ्यांना दिसत नाही, आणि जी थोडीफार दिसते ती रंगाखाली जाते. पडून राहिलेल्या होडीचे काम कोणत्या क्रमाने करावे, कुठे पैसे घालावेत आणि कुठे घालू नयेत, हे मासेमार बांधवांसाठी सविस्तर लिहीत आहोत.

पहिले काम होडी पूर्ण रिकामी करण्याचे. तळावरच्या फळ्या, बाकांवरची झाकणे आणि बाकांखालचा फोम सगळे काढावे. पत्रा सर्वांत जास्त खराब होतो तो उघड्या जागी नाही; ओली फळी, चिखल, गोणपाट किंवा भिजलेला फोम पत्र्याला चिकटून बसलेला असतो तिथे. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे एक पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तोच धातूला राखतो. ओल कोंडली आणि हवा पोहोचली नाही की तो थर तुटतो, पुन्हा भरून येत नाही आणि पत्र्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. रिकामी होडी म्हणजे सोयीची कोठी, म्हणून तिच्यात खताची पोती, चुना, सिमेंट ठेवले जाते. पोटॅशमधला क्लोराइड खड्डे पाडतो, आणि चुना व सिमेंट ओले झाले की त्यातला क्षार ॲल्युमिनियम सरळ खातो. होडीत अशी पोती कधी होती का, हे घरच्यांना आधी विचारावे. असतील, तर त्या जागा खडूने आखून ठेवाव्यात.

पांढऱ्या भुकटीचे ठिपके दिसतील तिथे नायलॉनच्या ब्रशने भुकटी काढावी आणि टोकदार आरीने खड्डा दाबून पाहावा. पत्रा साधारण २ मि.मी.चा असतो. सुटा खड्डा जाडीच्या तिसऱ्या भागापेक्षा उथळ असेल, तर साफ करून इपॉक्सीने भरता येतो. आरी आत घुसत असेल, किंवा तळहाताएवढ्या जागेत खड्ड्यांची चाळण झाली असेल, तर तिथे ठिगळच लावावे लागते. साफसफाईला लोखंडी तारेचा ब्रश अजिबात वापरू नये. त्याचे कण मऊ पत्र्यात रुततात, गंजतात आणि भोवती नवे खड्डे पाडतात. स्टेनलेसचा ब्रश चालतो, पण तो फक्त ॲल्युमिनियमसाठीच वेगळा ठेवलेला हवा. कॉस्टिक सोडा आणि संडास साफ करण्याचे ॲसिड, दोन्ही वर्ज्य. भांड्यांचे साधे लिक्विड आणि भरपूर पाणी पुरते.

यानंतर गळतीची तपासणी. ती होडी पाण्यात सोडून करायची नसते, होडीत पाणी भरून करायची असते. चौदा फुटी होडीत १० सें.मी. पाणी म्हणजे जवळपास ४०० लिटर, म्हणजेच ४०० किलो. होडी दोन ओंडक्यांवर टेकवून एवढे पाणी भरले तर कणाच वाकेल. तळाखाली दर दोन फुटांवर वाळूची पोती किंवा जुने टायर द्यावेत, होडी समतल करावी, बूच लावावे आणि पाणी हळूहळू भरावे. बाहेरून तळ कापडाने कोरडा पुसून खाली वाकून पाहावे. जिथे थेंब धरतो तिथे मार्करने गोल करावा. काही रिव्हेट (पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या, दोन्ही टोके ठोकून बसवलेल्या खिळ्या) लगेच गळतात, काही अर्ध्या तासाने. त्यामुळे घाई न करता दोन-तीन तास द्यावेत आणि सकाळी लवकर करावे. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात थेंब दिसण्याआधीच वाळतो. पाणी नेहमी रिव्हेटच्या डोक्यातूनच येते असे नाही. दोन पत्रे एकमेकांवर चढलेल्या सांध्यात ते एका टोकाला शिरते आणि हातभर पुढे जाऊन बाहेर पडते.

गळणारे रिव्हेट हा या कामाचा गाभा आहे. लाटांच्या माराने, आणि त्याहून जास्त होडी दगडांवरून ओढल्याने, रिव्हेट सैल होतात. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ उघडे पडते आणि पाण्याखाली गेलेल्या गावांचे चौथरेही वर येतात. तळ घासतो तो याच दगडांवर. सैल झालेला पण न झिजलेला रिव्हेट पुन्हा घट्ट करता येतो, त्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर दीड-दोन किलोची लोखंडी डॉली, म्हणजे टेकू देणारा ठोकळा, पूर्ण दाबून धरायची, दुसऱ्याने आतल्या टोकावर छोट्या हातोडीने मोजके ठोके द्यायचे. डॉली दाबून धरली नाही, तर ठोक्याने रिव्हेट घट्ट होण्याऐवजी पत्र्याला पोचा येतो. जास्त ठोकत राहिले तर ॲल्युमिनियम कडक होऊन टोक तडकते. चार-पाच ठोक्यांत बसला नाही तर तो रिव्हेट बदलावा.

बदलताना डोक्याच्या मधोमध, रिव्हेटच्याच जाडीच्या ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीइतके भोक पाडावे, डोके छिन्नीने उडवावे आणि दांडी पंचने बाहेर काढावी. आरपार ड्रिल मारले की पत्र्यातले भोक लांबट होते आणि मग एक नंबर मोठा रिव्हेट लागतो. नवा रिव्हेट भरीव ॲल्युमिनियमचाच घ्यावा, मॅग्नेशियम असलेल्या ५०५६ जातीचा मिळाला तर उत्तम. तो दोन्ही पत्र्यांतून जाऊन जाडीच्या दीडपट बाहेर उरला पाहिजे, म्हणजे ४.८ मि.मी.च्या रिव्हेटला साधारण ७ मि.मी. बसवण्याआधी दांडीला पॉलियुरेथेन सीलंट लावावा.

बाजारात सहज मिळणारा पॉप रिव्हेट इथे चालत नाही. तो मधून पोकळ असतो, त्यातूनच पाणी येते, आणि आत अडकलेली लोखंडी पिन गंजते. हात आत पोहोचतच नाही अशा ठिकाणी बंद टोकाचे पॉप रिव्हेट वापरता येतात. ते मागवून घ्यावे लागतील. एम-सील कडक बसते आणि होडीचा तळ लाटेवर लवचिकपणे हलतो, त्यामुळे एका हंगामात त्याला चीर पडते. नळी उघडल्यावर आंबट वास येणारे सिलिकॉन तर मुळीच नको. तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो, तो धातूला लागतो, आणि सिलिकॉनवर पुढे दुसरे काहीही चिकटत नाही.

चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना ३ मि.मी.चे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग त्याच जाडीच्या, ५०५२ जातीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचे गोल कोपऱ्यांचे ठिगळ सीलंट लावून, २०-२५ मि.मी. अंतराने रिव्हेट मारून बसवावे. भांड्यांच्या दुकानातला ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ असतो, तो यासाठी घेऊ नये. वेल्डिंग करायचेच असेल तर एमआयडीसीत आर्गन वेल्डिंगवाले मिळतात, पण त्यातले बरेचसे काम स्टेनलेसचे असते आणि ते डीसी करंटवर होते. ॲल्युमिनियमला एसी करंट लागतो, आणि या पत्र्याला ५३५६ नंबरची फिलर तार. या दोन गोष्टी आधी विचाराव्यात. रिव्हेटच्या ओळीजवळ वेल्डिंग करू नये. उष्णतेने आजूबाजूचे सीलंट जळते, पत्र्याचा कडकपणा जातो आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते. लहान पोचे ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. ते दिसायला वाईट असतात, गळत नाहीत.

इंजिन बसते ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, दुर्लक्षून चालणार नाही. बाहेरून पत्रा आणि आत लाकूड अशी तिची बांधणी असते, आणि आतले लाकूड कुजलेले असले तरी बाहेरून कळत नाही. इंजिन वर उचलून धरून त्याला खाली-वर हेलकावा द्यावा. फळी हलताना दिसली तर ती गेली. वरच्या कडेवर आरी टोचून पाहिली तरी कळते. जुनी फळी फेकण्याआधी तिच्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापून घ्यावा. नवी करताना आयएस ७१० शिक्क्याचे १८ मि.मी. मरीन प्लाय दोन थर चिकटवून घ्यावे, म्हणजे ३६ मि.मी. जाडी मिळते. कडांना आणि प्रत्येक बोल्टच्या भोकाला आतून इपॉक्सीचे तीन हात द्यावेत, कारण प्लाय कुजते ते कडेतून आणि भोकातून. तांब्याचे क्षार मारलेले वाळवीरोधक लाकूड ॲल्युमिनियमला लागून कधीच नको. बोल्ट स्टेनलेस ३१६ चे, खाली मोठे वॉशर आणि भरपूर सीलंट. पितळी बूच असेल तर तेही काढून नायलॉनचे लावावे. पितळ आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते.

आता फोम. यावर सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि जीव वाचतो तो यानेच. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातले कुगाव आणि इंदापूर तालुक्यातले कळाशी यांच्या दरम्यान उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण बुडाले. वारा आपल्या हातात नाही. पण पाण्याने भरलेली होडी तरंगत राहील की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. बाकांखालचा जुना फोम कापून पिळून पाहावा. पाणी निघाले किंवा उंदरांनी पोखरलेला असला, तर तो तरंगवत नाही, उलट वजन वाढवतो.

हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनियमचे वजन पाण्यात बुडाल्यावर ६३ टक्के उरते. चौदा फुटी होडीचा सांगाडा ११० किलोचा धरला तर ७० किलो, इंजिनाचे ३५, बॅटरी, नांगर आणि लोखंडी सामानाचे १५, आणि पाण्यात राहून काठाला धरून असलेल्या चार माणसांचे प्रत्येकी १० प्रमाणे ४०. बेरीज १६० किलो. त्यावर चौथा भाग जादा धरून २०० किलो. एक लिटर फोम जवळजवळ एक किलो उचलतो, म्हणजे २०० लिटर फोम हवा. १२५० x ६०० x ५० मि.मी. मापाच्या एक्सपीएस (थर्माकोलपेक्षा घट्ट, टणक फोम) शीटमध्ये ३७.५ लिटर भरतात. सहा शीट घेतल्या की २२५ लिटर होतात. साधे थर्माकोल वर्षानुवर्षे पाण्यात राहून पाणी धरते. पेट्रोल लागले तर थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही विरघळतात, म्हणून टाकीजवळचा फोम जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा. फोम तळात कोंबू नये. निम्मा तरी दोन्ही बाजूंच्या काठाखाली आणि मागे इंजिनाजवळ बसवावा. सगळा तळात असला तर पाणी भरलेली होडी उलटी होते. बाकांखाली तळापासून दोन सें.मी. जागा सोडावी, म्हणजे पाणी बुचाकडे वाहते आणि फोम भिजत पडत नाही.

इंजिनाचे थोडक्यात: जुने पेट्रोल काढून टाकावे, कार्ब्युरेटर साफ करावा, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारी चक्री) चांगला दिसत असला तरी बदलावा. गिअरचे तेल दुधाळ निघाले तर सील गेले आहे. आणि पाण्याच्या पिंपात बुडवल्याशिवाय इंजिन चालू करून बघू नये, काही सेकंद कोरडे फिरले तरी इम्पेलर जातो.

रंगाबाबत आमचे स्पष्ट मत असे की गोड्या पाण्यात या जातीच्या ॲल्युमिनियमला रंगाची गरज नाही. आतून आणि तळाला तर लावूच नये, म्हणजे पुढच्या वर्षी खड्डे आणि चिरा दिसतील. ते पैसे फोमला लावावेत. बाहेरून हवाच असेल तर पत्रा घासून, थिनरने पुसून, त्याच दिवशी एच (etch, म्हणजे पत्र्याला धरून बसणारा) प्रायमर, मग इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतो, तो पत्र्यावर नीट धरत नाही. शेंद्री रेड लेडने तर पत्र्याला अपाय होतो. दुपारी हात टेकवत नाही एवढा पत्रा तापलेला असताना मारलेला रंग पापुद्र्याने सुटतो. काम सकाळी नऊच्या आत उरकावे.

मत्स्य विभाग, जिल्हा प्रशासन आणि मच्छिमार सोसायट्यांना एक विनंती आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी प्रवासी आणि मासेमारीच्या प्रत्येक होडीची दोन सोप्या चाचण्यांनी तपासणी व्हावी. पहिली, वर लिहिलेली पाणी भरण्याची. दुसरी, कमरेएवढ्या पाण्यात इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती बांधून होडी काठापर्यंत पाण्याने भरायची, आणि चार माणसांनी लाइफ जॅकेट घालून तिला धरून उभे राहायचे. होडी समतल तरंगली तर पास. यासाठी ना मोठे यंत्र लागते ना खर्च, आणि एका गावातल्या होड्या एका सकाळी तपासून होतात. उजनीकाठच्या गावांत रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी ही तपासणी सुरू करावी.

आपले,
ॲल्युमिनियम व होडीदुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर,
सोलापूर