प्रिंटवाल्या दादांना, त्या टॉर्चबद्दल थँक्यू

दादा,

फोनवर सांगायला गेलो असतो तर "बरं बरं, काम कर" म्हणून ठेवून दिला असता, म्हणून लिहितोय.

माझ्या चित्रात असतं काय, दोन-तीन करड्या रेघा आणि बाकी सगळं कोरं. "हे पूर्ण कधी होणार?" हे ऐकायची आता सवय झालीय. पण पहिलं एडिशन, म्हणजे एका चित्राच्या मोजून ठरवलेल्या प्रिंट, काढायचं ठरलं तेव्हा मीच हटून बसलो होतो की सगळ्यात पांढराशुभ्र कागद पाहिजे. तुम्ही वाद नाही घातलात. लाइट घालवला, खिशातून ती यूव्ही टॉर्च काढली आणि दोन्ही कागदांवर मारली. माझा आवडता कागद निळा चमकायला लागला, तुमचा कॉटनचा आपला गप्प पडलेला. मग म्हणालात, ही चमक कागद पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या ब्राइटनरची, काही वर्षांनी उतरते आणि कागद पिवळट दिसतो, आणि आपण पांढरा रंग छापतच नाही, शाई नसेल तिथे कागदच दिसतो. म्हणजे माझं पाऊण चित्र कागदच की! इतकी वर्षं चित्रं काढतोय आणि हे डोक्यातच आलं नव्हतं.

करड्या रंगाने तर जीव खाल्ला, खिडकीपाशी बरोबर आणि ट्यूबखाली हिरवट, सहा ट्रायल प्रूफ गेले, मी तिसऱ्यालाच "चालेल" म्हणालो होतो, तुम्ही ऐकलं नाहीत.

एकदा मी बोलून गेलो की प्रिंट म्हणजे शेवटी स्वस्तातली कॉपी, तेव्हा तुम्ही चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिनचं सांगितलंत. 1967 मध्ये न्यूयॉर्क आणि पेंटिंग दोन्ही सोडलेली बाई, 1973 ला परत लोकांसमोर आली ती 30 स्क्रीनप्रिंट घेऊन, नुसत्या रेघांच्या जाळ्या. कॉपी कशाची, ते मूळ कामच होतं.

आणि एडिशनच्या 25 प्रिंट संपल्यावर सव्विसावा मागणारा आला तेव्हा मला पैशांची फार गरज होती, खोटं कशाला बोलू. तुम्ही एवढंच विचारलंत, "पेन्सिलने खाली पंचवीस लिहिलंस ना?" तेव्हा राग आला होता, दोन दिवस फोन नाही केला. सॉरी.

त्या सहामधला एक हिरवट प्रूफ टेबलासमोर लावलाय. तुमचा एपी, म्हणजे त्या 25 च्या बाहेरचा आर्टिस्ट्स प्रूफ, द्यायचा राहिलाय तो पुढच्या आठवड्यात आणतो, फ्रेम न करता, काच मी निवडलेली तुम्हाला पटणार नाहीच.